एकेचाळीस पट्ट्यांची जाळी

चांगुणा जिना चढून वर आली तेव्हा गहिनीनाथ हवालदार पंख्याकडे बघत बसले होते. पंखा बंद होता. वीज सकाळीच गेली होती आणि ती कधी येईल हे विचारायची हौसही नगरात आता कुणाला उरली नव्हती. त्र्याहत्तर सालचा एप्रिल चालू होता. गेल्या वर्षीचा पाऊस आलाच नव्हता, आणि यंदाचा यायला अजून दोन महिने होते, तेही तो आला तर.

"खासगी चौकशीवाले मुळेसाहेब हितंच का?" तिने दारातूनच विचारलं.

राधाकृष्ण मुळे यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तीस वर्षं कोर्टात कारकुनी करून, लोकांच्या शपथेवरच्या थापा सुवाच्य अक्षरात लिहून घेऊन, ते निवृत्त झाले होते. खोटं कुठे सुरू होतं हे ओळखायची त्यांना सवयच लागली होती. गहिनीनाथ पोलिसातून निवृत्त झालेले. डोकं मुळ्यांचं आणि पाय गहिनीनाथांचे, असा दोघांचा करार होता. पाय अलीकडे फार दुखत होते.

"बसा," मुळे म्हणाले. "काय झालं?"

"आमच्या कारभाऱ्याला धरून न्येलंय. दोन राती झाल्या." चांगुणा बसली नाही. "आबासायबांच्या मोटारीवर डायवर हायेत ते, छगन नाव. एकतीस वरीस झाली. जाळी चोरली म्हनत्यात."

"कसली जाळी?"

तिने जे सांगितलं ते असं. राहुरीकडचे बागाईतदार आबासाहेब यांच्याकडे त्यांच्या वडिलांची विलायती मोटार होती, चौतीस सालची. मुंबईचा एक शौकीन ती घ्यायला तयार झाला होता, पण गाडीच्या तोंडावरची जाळी बैलगाडीची दांडी घुसून चेपली होती. बाहेरची चौकट शाबूत, आतली जाळी गेलेली. ती विलायतेत मिळत नव्हती, मग इथे कुठली मिळायला. म्हणून शिवरात्रीच्या सुमाराला आबासाहेबांनी ती चेपलेली जाळी नमुन्याला देऊन भिंगारच्या योहान मिस्त्रींना नवी करायला सांगितली. रविवारी संध्याकाळी जाळी तयार झाली. सोमवारी सकाळी योहानच्या दुकानाचं कुलूप कापलेलं होतं. नवी जाळी गेली, जुनीही गेली.

"आणि छगनवरच संशय का?"

"जाळी झाली हे त्यांनलाच ठावं हुतं. जाळीचं इचाराया आले हुते, रातच्याला गाडीतच निजले, भिंगारातच. आन् हत्यारपेटीत करवतीचं पान घावलं." तिचा आवाज चढला नाही. रडून झालं असावं. "सायेब, कंच्या डायवरच्या पेटीत करवतीचं पान नसतं?"

मुळ्यांनी टोपी उचलली. गहिनीनाथांनी सुस्कारा टाकला आणि चपला शोधायला लागले.

चौकीतले शिपाई गहिनीनाथांच्या हाताखालचेच निघाले, म्हणून छगनशी बोलता आलं. पन्नाशीचा, वाळका माणूस भिंतीला टेकून पाय लांब करून बसला होता. पायांवर वळ होते. गहिनीनाथांनी त्याच्याकडे बघणं टाळलं. नोकरीत असताना असे वळ त्यांनी पाहिले होते, काही उमटवलेही होते, आणि आता उतारवयात ते आठवायला लागले होते.

"रविवारी तू जाळी पाहिलीस?" मुळ्यांनी विचारलं.

"व्हय. गोणपाटात गुंडाळलेली हुती. योहानमामानं कोपरा उघडून दावला. कंदिलाच्या उजेडात पिवळीधमक दिसली."

"हातात घेतलीस?"

"न्हाई. म्हनले, पालिश ताजी हाय, बोटं उमटत्यात."

"गाडी विकायची नव्हती ना तुला?"

"न्हवती. पर म्हनून मी तिचं तोंड मोडीन व्हय? एकतीस वरीस धुतलीया तिला."

कोपऱ्यात पितळी डबा होता. कुणी आणला, असं गहिनीनाथांनी विचारलं.

"योहानमामाची पोरगी, दया. दोन्ही येळंला आनती. कालच्याला तर अंडी हुती."

बाहेर आल्यावर गहिनीनाथ म्हणाले, "बघा मुळेसाहेब. ज्याची चोरी झाली तोच चोराला अंडी खाऊ घालतो. ख्रिस्ती माणसं, त्यांच्यात क्षमा मोठी."

"असेल," मुळे म्हणाले.

योहानचं दुकान म्हणजे घराला लागून काढलेली पत्र्याची शेड. पूर्वी लष्करी वर्कशॉपात सव्वीस वर्षं काढलेला हा माणूस. नगरात पत्र्याचं अवघड काम निघालं की लोक त्याचंच नाव घ्यायचे. घराच्या ओट्यावर नाताळातला तारा अजून टांगलेला होता. त्याचा नुसता कामट्यांचा सांगाडा राहिला होता. सोनेरी कागदाची एक चिंधी तेवढी एका टोकाला चिकटून होती. वाऱ्याने गेला असेल, असं गहिनीनाथांना वाटलं. वारा तरी कुठे होता म्हणा.

शेडच्या दाराशी एक मोठं पिंप होतं आणि शेजारची बनुबाई त्यातून बादली भरून घेत होती. मागे तिची शेळी दोरी ताणून उभी.

"एवढं पाणी," गहिनीनाथ न राहवून म्हणाले. त्यांच्या गल्लीत टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि माणशी दोन हंडे मिळायचे.

"योहानदादाची किरपा," बनुबाई म्हणाली. "दया तिच्या शाळंच्या टँकरातलं आनून हितं भरती, दुकानाच्या कामाला. पर दादा म्हनतो, बनुबाई, एक बादली तुज्या शेळीची. शिवरात्रीपासून एक दिस चुकला न्हाई. न्हाईतर ही कवाच मेली असती."

गहिनीनाथांनी परवानगी न विचारताच एक ओंजळ तोंडावर मारली. पाणी गार आणि स्वच्छ होतं. दिवसभरात त्यांना लाभलेलं सुख तेवढंच.

आत योहान स्टुलावर बसला होता. उंच, ताठ, केस पांढरे. त्याने आवाजावरूनच दोघांना बसायला सांगितलं आणि चहा ठेवला. चहा ओतताना त्याने एक बोट कपाच्या आत धरलेलं गहिनीनाथांनी पाहिलं. कप घेतला, पण त्या बाजूने तोंड लावलं नाही.

मुळे शेगडीजवळ रेंगाळले. मग वाकून लोखंडी पकडीच्या खालच्या मातीत त्यांनी बोटं फिरवली आणि बोटांकडे पाहिलं. काळी झाली होती. त्यांनी ती रुमालाला पुसली. भिंतीवरच्या तारांच्या वेटोळ्यांतली एक काढून त्यांनी न बोलता योहानच्या एका बाजूला धरली. योहान तसाच बसून राहिला. मग मुळ्यांनी ती त्याच्या हातात दिली. "ही किती नंबरची, मिस्त्री?"

योहानने तार अंगठा आणि बोटात फिरवली. "अठरा."

"न बघता सांगितलं," गहिनीनाथ कौतुकाने म्हणाले.

"सव्वीस वर्षं हेच केलं, साहेब."

"जाळी कशी केलीत ते जरा सांगा," मुळे म्हणाले. "आम्हाला त्यातलं काही कळत नाही."

आतापर्यंत तुटक बोलणारा योहान खुलला. "एकेचाळीस पट्ट्या आहेत तिला. आणि एकीसारखी दुसरी नाही. गाडीचं तोंड वर रुंद, खाली निमुळतं, म्हणून प्रत्येकीची लांबी वेगळी, बाक वेगळा. पितळेचा पत्रा कापायचा, पट्टी लाल होईपर्यंत तापवायची आणि पिंपात बुडवायची. न तापवता वाकवली की तडकते. पुन्हा तापवायची, पुन्हा बुडवायची. एकेकीला चार वेळा. मग तेजाबात काढायची आणि परत पिंपात धुवायची."

"पाणी फार जात असेल. असल्या दिवसांत."

"नाही हो. एकच पिंप. तेच पाणी शेवटपर्यंत चालतं, वर घोट घोट घालायचं. काम संपेपर्यंत हिरवंनिळं होतं, मोरचुदासारखं." त्याचे हात हवेतच पट्टी वाकवत होते. मग ते मांडीवर येऊन पडले. "छगनला मारलं का हो त्यांनी?"

"थोडंफार," मुळे म्हणाले.

तेवढ्यात योहानची मुलगी दया हातात रिकामा डबा घेऊन आली. मिशनच्या शाळेत बदली शिक्षिका होती. जूनमध्ये नर्सिंगला मिरजेला जायचं ठरलं होतं, तीन वर्षांसाठी. हे तिने स्वतः सांगितलं, आणि सांगताना तिचा दमलेला चेहरा थोडा वेळ विसावल्यासारखा झाला.

"वडील एकटे राहतील?"

"बाबाच ढकलतायत मला. म्हणतात, मी धडधाकट आहे, तू तुझं बघ."

आबासाहेब संध्याकाळी डाक बंगल्यावर भेटले. मोठा देह, मोठा आवाज, पण तोही उन्हाने उतरलेला. "मला गाडी विकायची हौस नाही, मुळे. माणसांना प्यायला पाणी नाही, रेडिएटरला कुठून घालू? तिला बघणारा कुणी घेऊन जावा, एवढंच. तो माणूस येत्या रविवारी येतोय. उद्या छगनचा रीतसर कबुलीजबाब घेणार म्हणतात."

"नवी जाळी तुम्ही कधी पाहिलीत?"

"मी कशाला बघू? योहानचं काम म्हणजे योहानचं काम. दर आठवड्याला छगनला पाठवायचो. 'होतेय' म्हणून निरोप यायचा."

परतताना गहिनीनाथांनी आपलं मत सांगून टाकलं. "छगनच. दुसऱ्या कुणाला कारणच नाही. मला त्या बाईचं वाईट वाटतं, पण छगनच."

"हवालदार, पाणी कसं होतं?"

"कुठलं?"

"तुम्ही तोंडावर मारलंत ते."

"गार होतं," गहिनीनाथ म्हणाले आणि चिडले, कारण मुळे पुढे काहीच बोलेनात.

दुसऱ्या दिवशी दहाच्या उन्हात सगळे योहानच्या शेडमध्ये जमले. मुळ्यांच्या सांगण्यावरून फौजदार छगनला घेऊन आले. आबासाहेब एकुलत्या एक खुर्चीवर बसले. चांगुणा दाराला टेकून उभी राहिली. बनुबाईला शेळीसकट बोलावलं होतं, याचं फौजदारांना हसू आलं. दया वडिलांच्या मागे उभी होती. मुळ्यांनी तिला एकदा बाहेर जायला सुचवलं. ती म्हणाली, "दोन दिवस डबा मी नेतेय. मी ऐकणार."

"मग ऐका," मुळे म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "चोराने काय नेलं, इथून सगळे सुरुवात करतायत. मी जरा अलीकडून करतो. ती जाळी पाहिली कुणी? आबासाहेबांनी नाही. दया?"

"बाबा काम चालू असताना कुणाला आत येऊ देत नाहीत."

"म्हणजे एकट्या छगनने. त्यानेही एक कोपरा, कंदिलाच्या उजेडात, हात न लावता. आता मिस्त्रींनी काल मला काम कसं होतं ते सांगितलं. तापलेलं पितळ चार वेळा पिंपात, नंतर तेजाबातून काढून पुन्हा पिंपात. एकेचाळीस पट्ट्या. पाणी शेवटी मोरचुदासारखं होतं, हे त्यांचेच शब्द. बनुबाई, मोरचुदाचं पाणी शेळीने प्यालं तर?"

"मरंल की वो."

"आणि तुमची शेळी शिवरात्रीपासून, म्हणजे काम आलं त्या आठवड्यापासून, कुठलं पाणी पितेय?"

बनुबाईने पिंपाकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

"चोरीनंतर पिंप धुतलं असेल," फौजदार म्हणाले.

"धुतलेलं पिंप आजचं सांगेल. शेळी दीड महिन्याचं सांगते. एक दिवस चुकलेला नाही." मुळे पकडीजवळ गेले. "इथली माती मी पाहिली. कानशीची काळी धूळ आहे, लोखंडाची. एकेचाळीस पट्ट्या घासल्या तर पितळेचा पिवळा कीस पडायला हवा. नावालाही नाही. जाळी चोरीला गेली नाही, आबासाहेब. ती झालीच नव्हती."

शेडचा पत्रा उन्हाने कडकडला. गहिनीनाथांना आता पाणी आठवलं, आणि काम खरंच झालं असतं तर आपण तोंडावर तेजाब मारून घेतलं असतं हेही लक्षात आलं.

"मग मी काय बघितलं?" छगन म्हणाला.

"जुन्या जाळीवरून उतरवलेला लाकडी साचा, आणि त्यावर सोनेरी कागद. ओट्यावरच्या ताऱ्याचा कागद वाऱ्याने गेलेला नाही. वारा फाडतो, हा चिकटवल्या जागेवरून सोडवलेला आहे. म्हणून तर हात लावू दिला नाही."

"पण का?" आबासाहेब उठून उभे राहिले. "योहान, का? जमत नव्हतं तर नाही म्हणायचं होतंस. मी काय तुला खाल्लं असतं?"

मुळेच बोलले, आणि दयाकडे न बघता बोलले. "चहा ओतताना ते कपात बोट धरतात. कप किती भरला ते बोटाला कळावं म्हणून. तार मी जरा बाजूला धरली तेव्हा हललेही नाहीत. हातात दिली तेव्हा नंबर सांगितला. मिस्त्री, किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून जास्त झालं," योहान म्हणाला. "काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. कडेकडेने गेलं, आता मधलं राहिलंय थोडं, नळीतून बघावं तसं. वाटलं, ही जाळी तेवढ्यात होईल. पहिली पट्टी आखायला बसलो आणि रेघच दिसेना."

"बाबा," दया म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू मिरजेला गेली असतीस? आबासाहेबांना नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. गावभर झालं असतं, तुझ्या कानावर आलं असतं. जूनमध्ये तू गेलीस की मग काय व्हायचं ते होवो, असं धरलं होतं. कुणीतरी अनोळखी चोर, एवढंच ठरवलं होतं मी. छगनला नेतील हे मनातसुद्धा आलं नाही. मग रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. आणि डबा भरायला लावायचो."

चांगुणा दार सोडून पुढे आली. योहानच्या अगदी समोर उभी राहिली, म्हणजे त्या नळीतून तिचा चेहरा त्याला दिसला असावा.

"तुमाला दिसत न्हाई, मामा, ते मला कळलं," ती म्हणाली. "पर चौकी हितनं चार घरं सोडून हाय. ऐकू तर येत हुतं ना?"

योहानने मान खाली घातली. "येत होतं."

गहिनीनाथांना आपल्या नोकरीतल्या काही रात्री आठवल्या आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना त्या बाईसमोर लाज वाटली, म्हाताऱ्याची दया आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा कंटाळा आला.

फौजदारांनी घसा साफ केला आणि खोटी फिर्याद दिल्याबद्दल काय काय होऊ शकतं ते सांगायला सुरुवात केली. आबासाहेबांनी त्यांना हाताने थांबवलं. "ते मी आणि तुम्ही नंतर बोलू. आधी याला सोडा."

छगन मोकळा झाला. तो चांगुणाबरोबर दारापर्यंत लंगडत गेला आणि तिथे थांबला.

"जुनी जाळी कुठंय?" त्याने मागे न वळता विचारलं.

योहान उठला, कोळशाच्या ढिगाशी गेला, चाचपडत गोणपाट बाहेर काढलं. छगनने ते उलगडलं. काळवंडलेली, मधोमध चेपलेली जाळी त्याने दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली.

"घरी चला," चांगुणा म्हणाली.

"रविवारी तो मानूस येनार. गाडी दात पडल्यावानी तोंड घेऊन हुबी ऱ्हानार." छगनने जाळी पकडीवर ठेवली. "कापायला मला येतं. बाक कसा द्यायचा ते बोटानं सांगायचं यांनी. यांच्यासाठी न्हाई करत मी. यांच्याशी माझं बोलनं संपलं. तिच्यासाठी करतो."

चांगुणा नवऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग दारातच खाली बसली.

दयाने खुंटीवरचं वडिलांचं फडकं घेतलं आणि शेगडी पेटवायला बसली. मिरजेचं कुणी विचारलं नाही. तीच थोड्या वेळाने म्हणाली, "जूनला अजून दोन महिने आहेत," आणि तिच्या बोलण्यावरून ती जाणार की राहणार हे कळलं नाही.

शनिवारी दुपारी गहिनीनाथ पाय ओढत भिंगारला गेले. मुळ्यांनी पाठवलं नव्हतं. त्यांचे तेच गेले. शेडमध्ये छगन पट्टी धरून बसला होता आणि योहान तिच्यावरून अंगठा फिरवत होता. "पुन्हा तापव," योहान म्हणाला. छगनने उत्तर दिलं नाही, पण पट्टी विस्तवात घातली. अडतीस झाल्या होत्या.

पिंपातलं पाणी हिरवंनिळं झालं होतं. शेजारी बनुबाईची शेळी दोरी ताणून ओरडत होती, सकाळपासून ओरडत असावी. बनुबाई रिकामी बादली घेऊन ओट्यावर बसली होती. तिला कुणाला दोष द्यायचा ते कळत नव्हतं.

गहिनीनाथ परत फिरले. घरी येऊन त्यांनी आपल्या दोन हंड्यांतला एक उचलला, खांद्यावर घेतला आणि गुडघ्यांना शिव्या देत पुन्हा भिंगारची वाट धरली.